मनिलातल्या मित्राला नाना पाटील सांगताना

फिलिपिन्समधल्या ऑनलाइन मित्राने ‘तुमचा नॅशनल हीरो कोण?’ असं विचारलं, की आपला माणूस पटकन एक मोठं नाव टाइप करतो, खाली विकिपीडियाची लिंक डकवतो आणि शेवटी तलवारीची इमोजी लावतो. समोरून अंगठा येतो आणि विषय मिटतो. यात कुणाचीच चूक नसते. प्रश्न एकच असला तरी दोघांच्या डोक्यात तो वेगवेगळा असतो.

त्याच्या डोक्यात या प्रश्नाला जवळपास ठरलेलं उत्तर आहे: होसे रिसाल. गंमत म्हणजे तिथेही कायद्याने कुणाला ‘राष्ट्रीय नायक’ जाहीर केलेलं नाही. पण १९५६च्या कायद्याने रिसालचं चरित्र आणि लेखन शाळा-कॉलेजात सक्तीचं केलंय, ३० डिसेंबरला त्याच्या नावाची सुट्टी असते आणि पुतळा गावोगावच्या चौकात असतो. तेव्हा तो आपल्याकडूनही एकाच नावाची वाट बघत असतो. आपल्याकडे मात्र ‘हीरो’ म्हटलं की आधी पडद्यावरचा माणूस आठवतो. बाकीच्यांसाठी आपण हुतात्मा, क्रांतिकारक, स्वातंत्र्यसैनिक, समाजसुधारक, महाराज असे कप्पे केलेत, आणि एका कप्प्यातला माणूस दुसऱ्यात टाकला तर घरातही वाद होतो. म्हणून पहिलं उत्तर हेच द्यावं: ‘आमच्याकडे एक नाही. माझ्या भागातला एक सांगतो.’

भागातलाच का, तर मोठी नावं त्याला कुठेही वाचायला मिळतील. क्रांतिसिंह नाना पाटील त्याला सातारा-सांगलीच्या माणसाशिवाय कोण सांगणार?

सुरुवात मात्र ‘थोर सेनानी’, ‘झुंजार नेतृत्व’ असल्या शब्दांनी करू नये. भाषांतराच्या ॲपमधून गेल्यावर ते सगळे एकाच छापाचे निघतात. पहिल्या मेसेजमध्ये तीन गोष्टी पुरतात: माणूस आधी काय करत होता, त्याने नेमकं काय केलं, किती काळ केलं. म्हणजे असं: ‘माझ्या भागात १९४३ ते १९४६ या काळात लोकांनी इंग्रजांच्या सरकारच्या नाकावर टिच्चून स्वतःचं सरकार चालवलं. त्याची न्यायालयं होती, छोटी फौज होती. पुढारी होता तलाठ्याची नोकरी सोडून आलेला एक शेतकऱ्याचा मुलगा.’ एवढंच लिहून थांबायचं. पुढचा प्रश्न त्याच्याकडून येऊ द्यायचा. बहुतेक वेळा तो ‘तलाठी म्हणजे काय?’ हाच असतो. त्याला गावची जमिनीची दप्तरं ठेवणारा आणि सारा वसूल करणारा सरकारी कारकून, एवढं सांगितलं की कळतं. ज्या यंत्रणेचा माणूस होता, तिच्याच विरोधात तो उभा राहिला, हे वेगळं सांगावं लागत नाही.

मग येतं ‘पत्री’. या सरकारला प्रतिसरकार म्हणतात आणि लोकांच्या तोंडी ते ‘पत्री सरकार’ होतं. हा शब्द यंत्रावर सोडू नका. पत्री म्हणजे गणपतीला वाहायची पानं, असं यंत्राने धरलं तर प्रतिसरकार पानांचं सरकार होऊन बसायचं. दोन ओळी स्वतः लिहा. एक, ‘प्रति’ म्हणजे समांतर. त्याचा बोलीत अपभ्रंश झाला. दोन, बैलाच्या खुराला चालताना झीज होऊ नये म्हणून लोखंडी पत्री ठोकतात. फितुरांना आणि गोरगरिबांना नाडणाऱ्यांना पायाच्या तळव्यांवर काठीने मारण्याची जी शिक्षा होती, तिला लोक पत्री मारणं म्हणू लागले. नावाचे हे दोन्ही उगम सांगितले जातात, दोन्ही द्यावेत. शिक्षेची गोष्ट लपवायचं कारण नाही. ती लपवली आणि मित्राने नंतर इंटरनेटवर वाचली, तर बाकीच्या सगळ्यावरचाच त्याचा विश्वास उडतो. उलट ती सांगून त्याला जोडूनच लोकन्यायालयं, दारूबंदी आणि कमी खर्चात होणारे गांधी विवाह सांगितले, की चित्र पुरं होतं. गांधीजींचं नाव लग्नाला आणि काठी हातात, हे कसं काय, असं तो विचारेलच. त्याचं सरळ उत्तर आहे: १९४४मध्ये गांधीजींनी भूमिगतांना उघड होण्याचा सल्ला दिला, तेव्हा साताऱ्यातल्या बऱ्याच कार्यकर्त्यांनी तो मानला नाही. आदर ठेवून मानला नाही. हे ‘आदर ठेवून’ भाषांतरात गळतं, म्हणून ते वेगळ्या वाक्यात लिहावं.

नकाशाची अडचण इथेच येते. आपण ‘साताऱ्याचं प्रतिसरकार’ म्हणतो आणि मित्र नकाशात कुंडल शोधतो, तर ते सांगली जिल्ह्यात निघतं. वाळवा, शिराळा, देवराष्ट्रे, सगळं सांगलीत. त्याला वाटतं आपण थापा मारतोय. तेव्हा आधीच सांगून टाकावं: १९४९मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले, दक्षिणेकडचा ‘दक्षिण सातारा’ आणि १९६०मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. शेणोली स्टेशन मात्र आजही सातारा जिल्ह्यातच, कराड तालुक्यात आहे.

शेणोली आलंच आहे तर तिथला प्रसंग सावकाश सांगावा, कारण शब्द किती जपून निवडावे लागतात ते तिथे कळतं. ७ जून १९४३ला तुफान सेनेच्या, म्हणजे प्रतिसरकारच्या फौजेच्या, लोकांनी इथे पगाराचा पैसा नेणारी गाडी अडवली. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ लाड पुढे होते. रुळांवर पुढे दगड रचले, आणि गाडी मागे सरकू नये म्हणून मागेही रचले. हा मागचा दगडांचा ढीग सांगायला विसरू नका. परदेशी माणसाला ‘रेल्वे अडवली’ एवढंच सांगितलं तर त्याला सिनेमातले घोडेस्वार दिसतात. मागचे दगड सांगितले की डोकं लावून केलेलं काम दिसतं. आता याला इंग्रजीत काय म्हणाल? आपण सवयीने ‘लूट’ म्हणतो. मनिलातल्या माणसाला तो शब्द वाचून भूकंप-वादळानंतर दुकानं फोडणारे आठवतील. कॅप्टन भाऊंनी तर म्हातारपणीही या शब्दाला हरकत घेतली होती. इंग्रजांनी लोकांचा चोरलेला पैसा आम्ही परत आणला, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा ‘गाडी अडवून सरकारी पैसा ताब्यात घेतला’ असं लिहावं आणि त्याखाली कॅप्टन भाऊंची हरकत लिहावी. एका शब्दावरचा तो वाद वाचून मित्राला ती माणसं जास्त कळतात.

पैशाचा आकडा देताना लाख वापरू नका. १४ एप्रिल १९४४ला धुळ्याच्या खजिन्याची गाडी चिमठाण्याजवळ अडवली तेव्हा ५ लाख ५१ हजार रुपये मिळाले. हा आकडा आपण ५,५१,००० असा लिहितो. त्याला तो स्वल्पविराम चुकून पडलाय असं वाटतं. ५५१,००० असं लिहा. आणि साताऱ्याचे लोक धुळ्यापर्यंत म्हणजे किती लांब गेले, हा प्रश्न आला तर नकाशावर अंतर दाखवा.

तारखा त्याहून घातक. फिलिपिन्समध्ये अमेरिकी पद्धतीने महिना आधी लिहितात. आपण ९/८/१९४२ लिहिलं की तो ८ सप्टेंबर वाचतो. आपला क्रांती दिन ९ ऑगस्टचा, आणि वडूजचा मोर्चा, ज्यात नऊ जण गोळीबारात गेले, तो ९ सप्टेंबरचा. इस्लामपूरचा त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. एका तिरक्या रेघेने हे सगळं एकमेकांत मिसळून जातं. महिना अक्षरांत लिहावा, एवढाच उपाय.

पण खरी ठेच १९४२ या आकड्यालाच लागते. आपल्याकडे ‘बेचाळीस’ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही: चले जाव, तारा तोडणं, भूमिगत. त्याच्याकडे १९४२ म्हणजे जपानी फौजा, बातानची शरणागती आणि युद्धकैद्यांची ती जीवघेणी पायपीट. आपण ज्या दोस्त राष्ट्रांविरुद्ध उठलो, त्यांची तो वाट बघत होता. १९४५च्या फेब्रुवारीत मनिलाच्या लढाईत सुमारे एक लाख नागरिक मेले. हे माहीत नसताना आपण उत्साहाने नेताजींचा आणि आझाद हिंद सेनेचा विषय काढला आणि जपानच्या मदतीचं कौतुक केलं, तर समोर बराच वेळ शांतता पसरते. त्याच्या पणजोबांच्या पिढीने जपान वेगळा पाहिलाय. नेताजी टाळावेत असं नाही. नोव्हेंबर १९४३मध्ये टोकियोत जी परिषद झाली, तिला नेताजी निरीक्षक म्हणून हजर होते आणि फिलिपिन्सच्या बाजूने जपानी ताब्यातले तिथले राष्ट्राध्यक्ष होसे लॉरेल बसले होते. हा लॉरेल देशद्रोही की अडचणीत सापडलेला माणूस, यावर तिथे आजही दोन मतं आहेत. तिथून सुरुवात केली तर बोलता येतं. आपलं कौतुक आधी ओतलं तर येत नाही.

याच काळात तिथे मध्य लुझॉनमधल्या शेतकऱ्यांनी जपान्यांविरुद्ध एक गनिमी फौज उभी केली, मार्च १९४२मध्ये. हुकबालाहाप, थोडक्यात हुक. गावोगाव स्वतःचा कारभार, जमीनदारांवर राग, रात्रीच्या हालचाली. कुंडलचा माणूस वाचेल तर म्हणेल, हे तर आपलंच. तुलना मात्र त्याच्या तोंडून येऊ द्या. युद्धानंतर हुक त्यांच्याच देशाच्या सरकारशी लढले, त्यामुळे एका घरात ते वीर आणि शेजारच्या घरात बंडखोर. मित्र कुठल्या घरातला आहे हे माहीत नसताना ‘तुमचे हुक म्हणजे आमची तुफान सेना’ असं ठोकून देणं म्हणजे पाहुण्याच्या भावकीत तोंड घालणं.

नावांचं एक वेगळंच प्रकरण आहे. नाना, बापू, अण्णा, दादा, भाऊ. त्याला ही सगळी खरी नावं वाटतात, आणि मग एवढ्या भाऊंचा आणि दादांचा हिशोब लागत नाही. त्यातून त्यांच्या तागालोग भाषेत आईला ‘नानाय’ म्हणतात, त्यामुळे नाना पाटील बाई होत्या का, हा प्रश्न अगदी रास्त आहे. ही नात्याची हाक आहे, गावाने लावलेली, आणि ती माणसाला कायमची चिकटते, हे एकदा सांगा. त्यांच्याकडे थोरल्या भावाला ‘कुया’ म्हणतात आणि नात्यात नसलेल्यालाही म्हणतात. वसंतदादांमधला ‘दादा’ तोच. तागालोगमध्ये तो आणि ती यांना एकच सर्वनाम आहे, ‘सिया’. म्हणून त्याने लिहिलेलं यंत्रातून मराठीत आलं की सावित्रीबाई ‘तो’ होतात. रागवायचं नाही. तसंच त्याने नुसतं ‘शिवाजी’ लिहिलं म्हणूनही भडकायचं नाही. तो ‘रिसाल’ही नुसतंच लिहितो, आणि वडीलधाऱ्यांशी बोलताना वाक्यात ‘पो’ घालून सगळा मान त्या एका अक्षरात देतो. आमच्याकडे नावापुढे महाराज लावतात, एवढं एकदा सांगावं. आपण स्वतः पोवाड्यात एकेरीवर येतोच की.

काही शब्दांची मात्र धास्ती घ्यावी. ‘हुतात्मा’ला यंत्र ‘मार्टिर’ देतं. कॅथलिक देशात तो आधी संतांचा शब्द आहे, आणि तरुणांच्या बोलीत तर प्रेमात मुकाट्याने सगळं सोसत बसणाऱ्या माणसाला तो लावतात. वडूजच्या नऊ जणांबद्दल लिहिताना ‘मोर्चात गोळी लागून मेलेले’ असंच साधं लिहा आणि हुतात्मा हा शब्द तसाच ठेवून त्याचा अर्थ सांगा: ज्याने स्वतःची आहुती दिली तो. किल्ल्यांच्या डागडुजीबद्दल लिहिताना इंग्रजी ‘सॅल्व्हेज’ चुकूनही वापरू नये. तिकडच्या इंग्रजीत त्याचा अर्थ पोलिसांनी किंवा लष्कराने गुपचूप मारून टाकणं असा झालाय, मार्शल लॉच्या काळापासून. ‘अजिंक्यतारा सॅल्व्हेज करतोय’ हे वाचून मित्र काय समजेल, विचार करा. वसंतदादांनी २४ जुलै १९४३ला सांगलीचा तुरुंग फोडला, त्याला ‘जेलब्रेक’ म्हणायला हरकत नाही. पण पोरांना आधी मोबाइल आठवतो, म्हणून गणेशदुर्गातला तुरुंग, पाठलाग, गोळी लागलेले दादा आणि त्यात मेलेले अण्णा पत्रावळे व बाबू जाधव, हे सगळं त्याच मेसेजमध्ये यावं. पुढे हेच दादा मुख्यमंत्री झाले, हे शेवटी ठेवा. आधी सांगितलं तर तो राजकारण्याची गोष्ट म्हणून वाचतो.

बायकांचा विषय तो काढेलच, कारण त्यांच्याकडे दोन बायका राष्ट्राध्यक्ष होऊन गेल्या आहेत. तेव्हा हौसाताई पाटलांची भवानीनगरची गोष्ट तयार ठेवा. नाना पाटलांची मुलगी, वय सतराच्या आसपास. पोलीस ठाण्यातली हत्यारं हवी होती. ठाण्यासमोर नवरा-बायकोच्या भांडणाचं सोंग रचलं. खोट्या नवऱ्याने तिला मारायला सुरुवात केली, डोक्यात दगड घालायची भाषा केली, पोलीस सोडवायला बाहेर धावले आणि तेवढ्यात साथीदारांनी आतली हत्यारं उचलली. जोरात मारलंस म्हणून हौसाताईंनी नंतर तक्रार केली, तर खरं वाटायला हवं होतं ना, हे उत्तर मिळालं. ही तक्रार गाळू नका. तिच्यामुळे ती मुलगी पुतळ्यावरून खाली उतरून चॅटमध्ये येऊन बसते.

आता खेळ. लढाईच्या गोष्टींनी जिथे गाडी अडते तिथे पैलवान उपयोगी पडतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, हेलसिंकी १९५२, फ्रीस्टाइल कुस्ती, ५७ किलो, कांस्य. इथे एक खबरदारी: ‘भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक’ असं लिहिलंत तर मित्र दोन मिनिटांत १९००च्या पॅरिसमधला नॉर्मन प्रिचर्ड शोधून आणेल, दोन रौप्यांसकट. ‘स्वतंत्र भारताचं पहिलं’ लिहा. त्यानंतरचं वैयक्तिक पदक १९९६मध्ये लिअँडर पेसचं, म्हणजे मध्ये ४४ वर्षं गेली, हा आकडा तुमच्या बाजूने बोलतो. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून ७ हजार रुपये उभे केले. परत आल्यावर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, असं आमच्या भागात सांगतात.

‘तालीम’ या शब्दाला ‘ट्रेनिंग’ असं भाषांतर मिळतं. तालीम ही जागा आहे. आत खणलेला हौदा, त्यात लाल माती, मातीत हळद, ताक, तेल, लिंबू मिसळलेलं, पावलं पडतील तशी ती रोज फावड्याने वरखाली केलेली. त्या मऊ मातीत घडलेला माणूस १९४८ला लंडनला मॅटवर उतरला आणि सहावा आला, हे सांगितल्यावर चार वर्षांनंतरच्या कांस्याची किंमत कळते. मातीत पाय रुततो, मॅटवर सरकतो. पकडीचा वेग वेगळा लागतो. खाशाबांचा हातखंडा ढाक होता: मानेला विळखा घालून उचलून टाकायचं. याचा व्हिडिओ पाठवायचा असेल तर आत्ताच्या कुठल्याही मैदानातला वीस सेकंदांचा पाठवा, तासाभराचा नको.

बदल्यात त्याच्याकडून तेओफिलो इल्देफोन्सो मागा. १९२८च्या ॲमस्टरडॅमला २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये कांस्य, फिलिपिन्सचं पहिलं ऑलिम्पिक पदक. १९३२ला पुन्हा कांस्य. हा जलतरणपटू सैन्यात होता आणि १९४२मध्ये जपान्यांच्या युद्धकैद्यांच्या छावणीत मेला. बेचाळीसची ठेच इथे पुन्हा लागते, पण या वेळी दोघेही एकाच बाजूला उभे असतात.

ऐकण्याच्या बाजूची तयारी फार लागत नाही, पण शून्य असून चालत नाही. रिसाल डोळ्यांचा डॉक्टर होता, स्वतःच्या आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया केली होती, दोन कादंबऱ्यांनी स्पॅनिश सत्तेला चिडवलं आणि ३० डिसेंबर १८९६ला मनिलात त्याला पाठमोरा उभा करून गोळ्या घातल्या. वय ३५. आंद्रेस बोनिफासिओ गोदामात काम करणारा, कातिपुनान ही गुप्त संघटना काढणारा, हत्यार उचलणारा. रिसालने मरण्याआधी त्या उठावाला लेखी नकार दिला होता. म्हणून ‘रिसाल की बोनिफासिओ’ हा तिथला कायमचा वाद. आणि बोनिफासिओला मारलं ते स्पॅनिशांनी नाही. मे १८९७मध्ये उठावातलाच दुसरा पुढारी आगिनाल्दो, त्याच्या क्रांतिकारकांनीच खटला चालवून मारलं. या जागी आपलं मत देऊ नये. विचारावं फक्त.

आपल्याकडून याला जोड द्यायची तर रंगो बापूजी द्यावेत. १८३९ला ईस्ट इंडिया कंपनीने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना गादीवरून उतरवलं, रंगो बापूजी त्यांची बाजू मांडायला लंडनला गेले आणि अर्ज, भाषणं, पत्रकं करत सुमारे १४ वर्षं तिथेच राहिले. मध्ये महाराज वारले, १८४८ला राज्यही खालसा झालं. रिकाम्या हाताने परतले. मग १८५७. त्यांच्या साथीदारांपैकी सतरा जणांना साताऱ्याच्या गेंडामाळावर मारलं: पाच फाशी, सहा तोफेच्या तोंडी, सहा गोळीने. त्यात मुलगा सीतारामही होता. रंगो बापूजी मात्र हाती लागले नाहीत, ते कायमचेच. रिसालच्या पिढीनेही आधी माद्रिदकडे अर्जच केले होते. आधी अर्ज आणि मग हत्यार, हा क्रम मित्राला तोंडपाठ असतो. इथे समजावून सांगावं लागत नाही, म्हणून माझ्या मते साताऱ्याच्या माणसाने फिलिपिनो मित्राशी रंगो बापूजींपासूनच सुरुवात करावी. नाना पाटील दुसऱ्या दिवशी.

लापुलापुचं नाव त्याच्याकडून ऐकलंत तर गूगलवर चित्र शोधताना जपून. १५२१ला मॅक्टान बेटावर मॅगेलनला मारणारा सरदार तो, पण त्याच नावाचा मासा तिथे बाजारात मिळतो. अर्ध्या फोटोंत सरदार, अर्ध्यांत मासा, तोही तळलेला.

वेळेचं म्हणाल तर मनिला आपल्यापुढे अडीच तास आहे, वर्षभर तेवढंच. आपण जेवण उरकून साडेआठला फोन हातात घेतो तेव्हा तिथे अकरा वाजलेले असतात. दिवसभर कामाला जाणाऱ्या माणसाला त्या वेळी गेंडामाळ पाठवू नये. रविवारची संध्याकाळ, आपले पाच, हे बरं पडतं. व्हॉट्सॲपपेक्षा तिकडे मेसेंजर जास्त चालतो. पोवाडा पाठवायचा तर चाळीस सेकंद, आणि त्याआधी चार ओळींचा अर्थ. शाहीर निकमांनी प्रतिसरकारचा प्रचार डफावर केला, हे कळल्यावर डफ ऐकायची उत्सुकता आपोआप होते. अर्थाशिवाय पाठवलेला पोवाडा मात्र त्याला भांडण वाटतो. आणि कुठल्याही महापुरुषाच्या फोटोवर छापलेलं वचन पुढे ढकलू नये. त्यातली निम्मी वचनं त्या माणसाने म्हटलेली नसतात, आणि परदेशी मित्र तपासून बघतो. आपल्या गावच्या ग्रुपसारखा नमस्काराचा हात टाकून मोकळा होत नाही.

बोलणं चार-सहा महिने टिकलं तर एक शब्द त्याच्याकडून येतोच: ‘बागोंग बायानी’, नवे वीर. परदेशात कामाला गेलेल्या फिलिपिनो लोकांना तिथलं सरकार १९८८पासून असं म्हणत आलंय. हाँगकाँगमध्ये घरकाम करणारी, जहाजावर इंजिन सांभाळणारा, दुबईतली नर्स. ‘बायानी’ हा शब्द ‘बायानिहान’लाही जवळचा: घर एका जागेवरून दुसरीकडे न्यायचं असेल तर गाव जमायचं, बांबू आडवे घालून अख्खं झोपडं खांद्यावर उचलायचं. आपल्या इर्जिकीची आठवण होते. एकाच्या रानात सगळ्यांचे बैल. मजूर पाठवून त्यांना वीर म्हणणं ही सरकारची सोय आहे, असं म्हणणारेही तिथे पुष्कळ आहेत. मित्राची आई परदेशात असेल तर त्याचं यावर ठाम मत असतं, आणि ते ऐकण्यासारखं असतं.

मग तो विचारतो, तुमच्याकडे असे कोण? साताऱ्याच्या डोंगराकडची गावं कित्येक वर्षं मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चालली. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावच्या ४६ जणांनी पहिल्या महायुद्धात जीव दिला, दुसऱ्याच्या लढाईत, दुसऱ्याच्या देशात. विटा, खानापूर, आटपाडीकडची पोरं गलाईच्या कामाला देशभर गेली. सोनारांच्या गल्लीत एक खोली, भट्टी, मुशीत वितळणारं सोनं-चांदी, ॲसिडचा धूर, आणि यात्रेला गावी येणं. त्यांना आपण काय म्हणतो? गलाईवाले म्हणतो. मित्राला हे जसंच्या तसं लिहावं, भट्टीचा फोटो मिळाला तर सोबत जोडावा. मूस म्हणजे काय, हे तो विचारेल. धातू वितळवायचं छोटं भांडं, आगीत न फुटणारं.